अक्का, तुझ्या घरी मी पाणी का पीत नव्हतो

अक्का,

तू गेल्यावर घरी येणारा प्रत्येक माणूस हापशीपासूनच सुरुवात करायचा. कौसाबाई नसती तर आपल्या वस्तीला बोर मिळाली नसती. कौसाबाईनं मंडल ऑफिसचे उंबरठे झिजवले. कौसाबाईनं साहेबाच्या गाडीपुढं बसकण मारली. मी दाराशी बसून मान हलवायचो. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण त्या हापशीबद्दल एक गोष्ट मला माहीत होती, ती त्यांना माहीत नव्हती आणि तुलाही नव्हती. तू होतीस तोवर ती माझ्या तोंडून निघाली नाही. आता तू ऐकणार नाहीस म्हणून जीभ सुटली आहे, हेही मला कळतं.

माझ्या न बोलण्याची तू सगळीकडे थट्टा करायचीस. "आमचा अश्या मुका नाही, पन त्याच्या तोंडातून शब्द काढाले ट्रॅक्टर लावा लागते." लोक हसायचे, मीही हसायचो. मला ते सोयीचं होतं. न बोलणाऱ्याला कोणी फारसं विचारत नाही.

मळ्यातल्या विहिरीवर मी तुझा परकर धरून यायचो, ते दिवस मला आठवतात. आपल्या बायांनी विहिरीच्या काठावर चढायचं नाही. खाली दगडापाशी घागरी मांडून उभं राहायचं आणि मळ्यातलं कोणी आलं की त्यानं वरून ओतायचं. कधी लगेच येत, कधी जेवणं आटोपून येत. एकदा तिथल्या सासूबाईनं इतक्या उंचावरून ओतलं की निम्मं पाणी तुझ्या डोक्यावर. तू घागर भरू दिलीस आणि भरलेली घागर तिच्यासमोर पालथी केलीस. घरी मायनं तुला बदडलं, कारण त्या दिवशी प्यायला घरात थेंब नव्हता. मार खाता खाता तू मला डोळा घातलास. "तिच्या चपलीत पानी गेलं ना बे. पाह्यलं का?"

तुझं लग्न मामाच्या पोराशी झालं, म्हणून तू वस्तीतच राहिलीस. भाऊजी लवकर गेले. लेकीला, सुनंदाला, काखेत मारून तू लोकांच्या शेतात राबलीस आणि उरलेल्या वेळात बोरच्या मागे लागलीस. शेवटी इचोड्याकडून ती बोरची गाडी आली, तेव्हा दगडाच्या भुकटीनं सगळी वस्ती पांढरी झाली होती. पाणी लागलं, गढूळच होतं, आणि तू कोणाला विचारलं नाहीस, पुढं होऊन ओंजळ भरून प्यालीस. "आपलं हाय," म्हणालीस. "आता कोनी वरतून वतून देनार नाही."

अक्का, मी जे केलं ते या एका वाक्यामुळं केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पुढं सांगतो.

मला पाण्याच्या खात्यात काम लागलं तेव्हा तू गुळाची भेली फोडून वाटलीस. गुडीहत्नूरपासून बोथपर्यंत हिंडायचं, जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायची, गावोगावच्या प्यायच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणायचे, असं माझं काम. आपल्या शाळेमागं ऑफिसनं पातळी मोजण्यापुरता एक पाईप पुरला होता. टेपच्या टोकाला खडू फासून आत सोडायचा, वर ओढला की खडू कुठवर भिजला ते बघायचं. तू मजुरीवरून येता येता तिथं थांबायचीस. डोक्यावर सरपणाची मोळी तशीच.

"पेशंट कसा हाय, डाक्टर?"

"खाली चालला."

"कापूसवाले पेऊन राह्यले सारं," म्हणायचीस. तेही खरं होतं. आजूबाजूच्या शेतांत दरसाल नव्या बोरी पडत होत्या आणि दर उन्हाळ्यात मला टेप जास्त सोडावा लागत होता.

मग एका उन्हाळ्यात हापशी नुसती हवा ओढायला लागली. बाया पुन्हा मळ्याकडं निघाल्या. आता तिथं कोणी वरून ओतत नव्हतं, मोटार होती, पाईप होता. पण "घ्या बाप्पा, घ्या" म्हणायची त्यांची एक तऱ्हा होती आणि ती तुला सहन होत नव्हती. तू गेली नाहीस. माझ्या दारात येऊन उभी राहिलीस. "अश्या, तू त्या खात्यात कायले हाय मंग? खोल कर म्हना थे बोर." मी चार ठिकाणी बोललो. आयुष्यात एवढं कधी बोललो नसेन. बोर खोल झाली आणि पाणी असं आलं की भर मे महिन्यात पहिल्या हिसक्याला घागरीत पडायचं. तू घरोघर तांब्याभर पाणी पाठवलंस, पेढे वाटावेत तसं. चव घेऊन बघा म्हणालीस. खरंच गोड होतं.

खोल झालेल्या बोरचा नमुना मीच भरला. आधी बराच वेळ हापसून पाणी वाहू द्यायचं, बाटली त्याच पाण्यानं खंगाळायची, मग भरायची. तूच हापसत होतीस. निकाल आला तो फ्लोराईडचा. खोल खडकात पाणी वर्षानुवर्षं मुरत बसलेलं असतं, खडकातलं ते त्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. पोटात गेलं की लहानांच्या दातांवर आणि मोठ्यांच्या हाडांवर बसतं, आणि तेही इतक्या सावकाश की पाण्याकडं कोणी बोट दाखवत नाही.

पुढचं काम ठरलेलं होतं. अशा हापशीला लाल रंग द्यायचा आणि गावात सांगायचं, हे पाणी वापराला घ्या, पिऊ नका. कितीतरी गावांत मी तो रंग दिला होता. बाया शिव्या द्यायच्या, मी खाली मान घालून ब्रश फिरवायचो. आपल्या वस्तीतही डबा घेऊन आलो, अक्का. खरंच आलो होतो. तू हापशीच्या ओट्यावर कपडे धूत होतीस.

"डबा कायचा व्हय?"

"रंगाचा."

तुझा चेहरा असा फुलला की मी पुढचं वाक्य विसरलो. "हापशीले देतं का? मी कवाची म्हनून राह्यली, गंजून चालली ते. पन लाल नोको बरं. निळा दे."

मी इचोड्याला परत गेलो आणि निळा रंग आणला. तू पदर खोचून खांबाला घासून घासून गंज काढलास. मी रंग दिला. पोरं भोवती नाचत होती, कोणीतरी जयभीमची घोषणा दिली. तू मागं सरून हापशीकडं बघत उभी राहिलीस. आपला मुलूख सरहद्दीचा, ऑफिसची भाषा तेलुगू. साहेबांनी तेलुगूत विचारलं, तिथला रंग झाला का? मी तेलुगूतच हो म्हणालो. परक्या भाषेतलं हो हलकं जातं. पुढच्या खेपांना मी आपल्या बोरचं पाणी बाटलीत भरलंच नाही. भलत्याच बोरवर बाटली भरायचो आणि नाव आपल्या हापशीचं लिहायचो. कागदावर तुझी हापशी बरी झाली.

तेव्हा दुसरं पाणी नव्हतं. लाल रंग दिला असता तर वस्तीला मळ्यात जाऊन उभं राहावं लागलं असतं, आणि ते तुझ्या डोळ्यांदेखत माझ्या हातानं झालं असतं. हे माझं अर्धं खरं.

पण माझ्या घरात मी लगेच विकतच्या पाण्याचा कॅन सुरू केला. इचोड्याहून यायचा, रिक्षात. पोरं लहान होती. बायकोपासून लपवलं नाही, विमलला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "निदान अक्काले तरी सांगा." मी सांगतो म्हणालो. सुनंदाची पोरगी तेव्हा पाळण्यात होती. तिच्या घरी कॅन नव्हता.

आणि मी तुझ्याकडं पाणी प्यायचं सोडलं. यायचो, बसायचो, तू तांब्या पुढं करायचीस, मी आत्ताच पिऊन आलो म्हणायचो. चहा म्हणालीस तर पित्त. किती दिवस पित्त पुरणार? एका दुपारी तू तांब्या धरून उभीच राहिलीस.

"घे."

"नाही ना अक्का, तहान नाही."

"उन्हातून आला. घामानं वला झाला. तहान नाही?" मी चपलांकडं बघितलं. "साहेब झाला तू. विकतचं पानी पेतो. वस्तीचं पानी चालत नाही तुले आता."

"तसं नाही."

"मंग कसं हाय? सांग ना बे. माया हातचं पानी काऊन पेत नाही?" आणि मग हळू आवाजात, "ते मळ्यातली म्हातारी बरी व्हती रे. ते परकी व्हती."

अक्का, तेव्हा मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी चपला घातल्या आणि निघालो. तुझा भाऊ तुझ्या हातच्या पाण्याला विटाळ मानतो, हे तू मानून घेतलंस. मी मानू दिलं, कारण खऱ्यापेक्षा ते मला सोपं होतं. त्यानंतर तू मला पाणी विचारणं बंद केलंस. मी आलो की सुनंदाला म्हणायचीस, "मामाले बसाले टाक." तेवढंच.

आता उरलेलं अर्धं. पुढं नळ आले. दूरच्या नदीचं शुद्ध केलेलं पाणी, घरोघर तोटी. वस्ती चढावर, लाईनीच्या शेवटाला, म्हणून आपल्याकडं धार बारीक पडायची, पण यायचं. मला वाटलं, सुटलो. आता लोक आपसूक नळाचं पितील आणि हापशी विसरतील. पण तू पहिला घोट घेतलास आणि थुंकलीस. "दवाईचं पानी व्हय हे. म्हशीले घाला." पावडरचा वास येतो म्हणून सगळ्या वस्तीनं नळाच्या पाण्यानं कपडे धुतले, भांडी घासली, आणि प्यायला तुझी हापशी ठेवली. मी समोर बसून बघत होतो. चांगलं पाणी मोरीत जात होतं आणि वाईट माठात.

आता तर सांगायला अडचण नव्हती. मळ्याचा प्रश्न मिटला होता. एक वाक्य पुरलं असतं. पण आज सांगितलं तर लोक विचारणार, तुला कधीपासून माहीत आहे? मला नोकरीची भीती होती, आणि तुझ्या नजरेची त्याहून जास्त. वस्तीसाठी गप्प बसलो होतो ते दिवस संपले, आणि मी नुसता गप्प बसून राहिलो. रोज एक दिवस जुनं होत होतं ते, आणि जितकं जुनं तितकं जड.

तुझी मान अवघडायला लागली. आधी तू हसण्यावारी नेलीस. हाक मारली की मान वळायची नाही, तू सगळीच्या सगळी वळायचीस. "पाह्य, मी मिल्ट्रीत भरती झाली." पोरं मुद्दाम मागून हाका मारायची. मग पाठ वाकेना, खाली बसलीस की उठायला खांब लागायचा. आदिलाबादच्या डॉक्टरनं वाताच्या गोळ्या दिल्या, वय झालं म्हणाला. मीच तुला बसनं घेऊन गेलो होतो. डॉक्टरनं विचारलं, पाणी कुठलं पिता? तू तोऱ्यात म्हणालीस, "आमच्या सोताच्या बोरचं." त्यानं लिहून घेतलं नाही. तो माझ्याकडं बघत होता का, हे मला आता आठवत नाही. मी खिडकीकडं बघत होतो.

आणि सुनंदाच्या पोरीचे दात. तिच्या पुढच्या दातांवर पिवळट तपकिरी पट्टे उठले. तू तिला मांडीवर घेऊन राखेनं दात घासायचीस. "आळशी पोट्टी, दात घासत नाही." ती रडायची, हिरड्यांतून रक्त यायचं. "आबा, आज्जीले सांगा ना." एकदा ती माझ्याकडं धावत आली. मी तिला खिशातलं चॉकलेट दिलं.

तू पडलीस ती हापशीच्याच ओट्यावर. मान खाली होत नव्हती, पायरी दिसली नाही. खुब्याचं हाड असं मोडलं की डॉक्टरलाच नवल वाटलं. मग तू खाटेवरच. मग छातीत कफ. तुझ्या जाण्याला कारण म्हणून छाती लिहिली आहे, आणि मला कोणी त्याबद्दल काही विचारणार नाही.

जाण्याआधी दोन दिवस, दुपारी, सुनंदा औषध आणायला गेली होती. तू पाणी मागितलंस. मी माठातून पेला भरला. तू हात वर केलास, ओठ हलले. वाकून ऐकलं तर म्हणत होतीस, "तू पे आधी."

मी प्यालो, अक्का. सगळा पेला. इतक्या वर्षांनी. तू बघत होतीस आणि तुझ्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं. मग तुलाही चमच्यानं पाजलं, तेच. तुला वाटलं, भाऊ परत आला. त्या क्षणी खोलीत आपण दोघंच होतो. यापेक्षा चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी तुला खरं देण्याऐवजी एक पेला पिऊन दाखवला. मी केलेल्या सगळ्या खोट्यांत हे सर्वांत गोड होतं आणि त्यानंच मला झोपू दिलेलं नाही.

जलदान विधीच्या सकाळी मंडपात पाहुणे बसले होते. पाण्याचे पेले फिरत होते. मधोमध तुझा फोटो, मेणबत्ती, आणि विधीसाठी पितळी तांब्या भरून ठेवलेला. सुनंदानं पहाटेच हापशीवरून भरून आणला होता. आईच्या हापशीचं पाणी, म्हणून सगळ्यांनी तेच हवं म्हटलं होतं. त्रिशरण पंचशील झालं. बौद्धाचार्य म्हणाले, जवळच्यांनी दोन शब्द बोलावे. कोणी माझ्याकडं बघितलंही नाही. मी उठलो तेव्हा विमलनं माझा सदरा धरला. मग सोडला.

काय बोललो ते नीट आठवत नाही. या हापशीचं पाणी पिऊ नका, एवढं आधी म्हणालो. मग का ते. मग मला कधीपासून माहीत आहे ते. लोकांच्या हातांतले पेले तिथंच थांबले. एकानं विचारलं, "म्हंजे तुमच्या घरी कॅन याच्यासाठी येत व्हता?" मी हो म्हणालो. मराठीतलं हो. मागून एक म्हातारा ओरडला, "आमी मेलो असतो तरी सांगतलं नसतं का?" दुसऱ्यानं पेला तोंडाला लावून संपवला. "माया हाडाले आता काय होते." सुनंदा फोटोपाशी बसली होती. ती पोरीला पुढं घेऊन आली, तिची हनुवटी धरून तोंड उघडलं.

"मामा, हे दात तुमाले दिसत नव्हते?"

"दिसत होते."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पोरीचं तोंड हळूच मिटलं. बौद्धाचार्य गोंधळले, तांब्याकडं बघायला लागले, दुसरं पाणी आणायचं का म्हणाले. सुनंदा म्हणाली, "ह्याच पान्यानं करा. मायचं पानी हाय थे." आम्ही सगळ्यांनी तांब्याला हात लावला, मलाही तिनं अडवलं नाही, आणि खाली ठेवलेली वाटी भरून वाहेपर्यंत पाणी ओतत राहिलो.

त्याच दुपारी वस्तीतल्या बायांनी हापशीचा दांडा खोलून काढला. रंगाची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेन हलवत बसले, मग म्हणाले, लिहून द्या. दिलं. नोकरीचं काय होईल ते होईल. पण वस्तीला नळाची धार वाढवून हवी आहे, आणि ती मागायला आता माझं नाव घेऊन जाता येत नाही, कारण माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? बाया माझ्या दारावरून बारीक धारेच्या बादल्या नेतात. कोणी शिवी देत नाही. नुसत्या जातात.

काल संध्याकाळी सुनंदा आली. बाहेरच उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"मायनं तुमाले माफ केलतं, मामा. तुमाले सांगू नोको म्हने, पन सांगतो. खाटेवर पडली तवा म्हने, अश्यानं माया हातचं पानी सोडलं, त्याचं मनावर घेऊ नोको. शिकला, बाहेर फिरते, त्याले लाज वाटत असन. आपल्या मानसाले आपलीच लाज वाटते कधी कधी. मी सोडून देल्लं, तूही सोडून दे." तिनं चौकटीला हात टेकला. "मंग त्या दिवशी तुमी पानी पेले म्हने तिच्यासमोर. लय खूश व्हती."

ती जरा वेळ वाट बघत उभी राहिली आणि निघून गेली.

जो गुन्हा मी केलाच नव्हता, त्याची तू मला माफी देऊन गेलीस, अक्का. जो केला, तो तुला कळलाच नाही. ही माफी माझ्याकडं राहता कामा नये. मी ती तुला परत द्यायला निघालो आहे, आणि घ्यायला तूच राहिली नाहीस.

तुझा,
अश्या